सूनबाईची पट्टी

…आणि पुन्हा फोन! नाही, तुम्हीच सांगा, रविवारची सकाळ, भरताची वांगी आत्ता कुठं भाजून झालीत, घरभर धूर, आमच्या ह्यांचे दोन्ही हात कोळशासारखे काळे, आणि फोन खणखणतोय! बरं, काळ्या हातानं फोन धरायचा कसा, म्हणून ह्यांनी कोपरानं दाबला, तो लागला स्पीकरवर, आणि अख्ख्या स्वयंपाकघरात अमळनेरचे निर्मलकुमार शेठ गरजले, "योगेंद्रभाऊ, सूनबाई परत गायब!"

आमच्या सासूबाई, मंजुळाबाई, मूळच्या सोनगीरच्या, खाली बसून कांदा चिरत होत्या. त्यांची विळी जागच्या जागी थांबली. "काय व्हयनं? कोनी सून गयी व माय?"

मी म्हटलं, आई, बाई नाही गेली, पट्टी गेली. कॉम्प्युटरवरची पट्टी.

"मंग तिले सून काबरं म्हनस तो?"

ते सांगायला मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात शेठजींचा आवाज एकदम खाली आला. एवढा मोठा गरजणारा माणूस, पण रडवेला झाल्यासारखा म्हणाला, "भाऊ, पट्टी तर गेलीच, पण आता खरी सूनबाईपण चाललीय हो. अमन आणि ती, दोघं पुण्याला चाललेत. कायमचे. काय चुकलं माझं, कोणी सांगत नाही. तिनं त्या पट्टीत काही लिहिलं असेल, मला वाचायचंय. उघडून द्या हो."

आमच्या ह्यांच्या हातातलं वांगं ताटात पडलं. झाकायला काय लागतं हो, उघडताना कळतं!

थांबा, थांबा, सुरुवातीपासून सांगते. मी दिपमाला. देवपूरला शाळेत चौथीला शिकवते, त्यामुळे एकच गोष्ट सतरा वेळा सांगायची मला सवय आहे, काळजी करू नका. आमचे हे, योगेंद्र, दुकानदारांना कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून देतात. जावामध्ये. जावा ही कॉम्प्युटरची भाषा आहे, फटफटी नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "जावई जावा चालवतात म्हणे, मग आज एसटीनं का आले?" तर ते असो.

निर्मलकुमार शेठांचं अमळनेरला ठिबकच्या सामानाचं दुकान. नळ्या, जॉइनर, टी, एंडकॅप, असल्या बोटाएवढ्या हजार वस्तू. पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा. घरात शेठजी, शेठाणी धनकुंवरबाई, मुलगा अमन, तो दिवसभर शेतांवर नळ्या अंथरून घेत फिरतो, आणि सून पलक. जळगावची पोरगी, बी.कॉम., हुशार, बोटं अशी चालतात की कीबोर्ड दमेल. पण घरचा रिवाज कसा, तर सून सासऱ्यांशी तोंडानं बोलत नाही. भांडण नाही हो! मान. मानच तो. शेठजी म्हणणार, कोणाकडेही न बघता, छताला, "कोणी तरी सांगा, चहात साखर नाही." पलक दोन हात अंतरावर उभी, डोक्यावर पदर, ती सासूच्या कानात, "मम्मीजी, सांगा, डॉक्टरांनी बंद केलीय." मग धनकुंवरबाई मोठ्यांदा, "डॉक्टरनं बंद केलीय म्हणते!" शेठजी परत छताला, "डॉक्टरला काय कळतं!" धनकुंवरबाई सुनेला, "डॉक्टरला काय कळतं म्हणतात!" अहो, ऐकू तर सगळ्यांनाच येतंय! पण नाही, बोलणं जाणार ते धनकुंवरबाईंच्या नाक्यावरून. बिचारीचं दुपारपर्यंत तोंड दुखायचं.

तर ह्यांनी शेठजींना जो प्रोग्राम दिला ना, त्यात स्क्रीनचे दोन भाग. डावीकडे मालाची यादी, उजवीकडे एक उभी पट्टी, कोणाला काही टिपून ठेवायचं तर. आणि दोघांच्या मध्ये एक दांडी. ती माउसनं धरायची आणि हवी तिकडे सरकवायची, डावं मोठं, उजवं छोटं, नाही तर उलट. एवढंच. दुपारी शेठजी जेवून आडवे झाले की पलक कॉम्प्युटरवर बसायची, माल लिहायची आणि उजवीकडे टिपायची, "पापाजी, सोळा एमएमचे जॉइनर संपत आलेत." संध्याकाळी शेठजी एका बोटानं लिहायचे, "मागवले." दुसऱ्या दिवशी, "पापाजी, आज गोळी घेतली नाही." "घेतली." "पाकिटातली एकही कमी झालेली नाही." मग बराच वेळ काही नाही, आणि मग खाली, "आता घेतली." तुम्हाला सांगते, जे लग्न झाल्यापासून कधी झालं नव्हतं ते त्या चार बोटं रुंदीच्या पट्टीत व्हायला लागलं. बाप-लेक बोलतात तसं बोलणं! शेठजी तर त्या पट्टीलाच सूनबाई म्हणायला लागले. "आज सूनबाईत काय आहे बघू."

सगळं कसं छान चाललं होतं. पण छान चाललेलं बघवतंय कोणाला? एक दिवस कोणी गिऱ्हाईक काउंटरवर ओणवं झालं, आणि मोठ्यांदा वाचलं, "पापाजी, मोजे बदला, वास येतोय." झालं! शेठजींचा चेहरा लाल. मोज्यांचं काही नाही हो, पण घरच्या सुनेनं लिहिलेलं परक्या माणसानं वाचायचं? ताबडतोब फोन. "योगेंद्रभाऊ, पडदा पाहिजे. गिऱ्हाईक आलं की सूनबाई आत, गिऱ्हाईक गेलं की बाहेर."

आमचे हे म्हणाले, "दोन मिनिटांचं काम, शेठजी."

बायांनो, ज्या दिवशी नवरा दोन मिनिटं म्हणेल ना, त्या दिवशी जेवणाला थांबू नका. जेवून घ्या. ह्यांनी एक बटण केलं, 'दाखवा-लपवा'. दाबलं की पट्टी गेली, मालाची यादी पसरून मोकळी झाली. वा! काय लपली, काय लपली! शेठजी खूश, हे खूश. परत दाबलं… आलीच नाही. पुन्हा दाबलं. नाही. शेठजींचा फोन. "आली नाही." हे म्हणाले, "शेठजी, ती आलीय. तिथंच आहे. फक्त दिसत नाही." "आलीय आणि दिसत नाही? भूत आहे काय?" "नाही हो, तिची रुंदी शून्य झालीय. दांडी कडेला जाऊन चिकटलीय." "शून्य रुंदीची सूनबाई घेऊन मी काय करू, भाऊ?" "दांडीवर बारीक दोन बाण आहेत, त्यातल्या एकावर क्लिक करा." "माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मला दांडी दिसेना, तुम्ही बाण दाखवता!" झाकायला काय लागतं हो, उघडताना कळतं!

मी म्हटलं, अहो, इथूनच इंटरनेटवरून उघडून द्या ना. तर शेठजी तिकडून, "माझ्या घरातलं देवपूरहून उघडणार? नको, नको." झालं. म्हणजे प्रत्येक वेळी पांझरा नदीचा पूल ओलांडायचा, बसस्टँड, अमळनेरची गाडी, उन्हाचा तडाखा, आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे, आणि तिथं जाऊन एक ओळ बदलायची.

पहिली ओळ कोणती, तर प्रोग्राम उघडला की दांडी रुंदीच्या सत्तर टक्क्यांवर ठेव. घरी करून पाहिलं, कधी चाले, कधी न चाले. हे डोकं धरून बसले. मग लक्षात आलं, प्रोग्रामची खिडकी अजून स्क्रीनवर उमटायचीच आहे, तिची रुंदीच शून्य, आणि हे तिला आधीच सांगतायत सत्तर टक्क्यांवर जा! शून्याचे सत्तर टक्के किती? माझ्या वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोर झोपेत सांगेल. मी असं म्हटलं तर रागावले. मग प्रोग्रामला सांगितलं, बाबा रे, आधी खिडकी उमटू दे, अंग पसरू दे, मग दांडी ठेव. ते जमलं, पण शेठजी प्रोग्राम कधी बंदच करत नाहीत, त्यांना त्याचा काय उपयोग! दुसरी ओळ, पट्टी लपवायच्या आधी दांडी कुठं होती ते लक्षात ठेव, आणि दाखवताना तिथंच आणून ठेव. बरोबर आहे की नाही? तुम्हाला पटलं, मला पटलं, सासूबाईंना पण पटलं. घरी दाबून बघितलं, लपते, दिसते, लपते, दिसते. सासूबाईंनी दाबून बघितलं. "बठ्ठं चांगलं शे, मंग तू काबरं कुढी ऱ्हायना?" सगळं चांगलं आहे, मग कुढतोस कशाला, म्हणे. अमळनेरला जाऊन बसवलं, तिथंही ह्यांनी स्वतः दाबलं, दिसते, लपते. चहा पिऊन, हात जोडून, गाडीत बसून परत आले, चप्पल काढली, आणि फोन. "सूनबाई गायब."

आता हा माणूस वेडा व्हायचाच बाकी राहिला होता. झोपेत बोटं हलायची. जेवताना भात एकीकडे, वरण एकीकडे, मध्ये पापड उभा, आणि पापड सरकवतायत! आणि शेठजी दर वेळी फोनवर आवाज बारीक करून एकच सांगणार, "भाऊ, घरात कोणाला सांगू नका, मला उघडता येत नाही ते." अभिमान हो! एवढं दुकान चालवणारा माणूस, एक बटण येत नाही हे बायकोला कसं सांगणार? आणि सुनेला तर सांगायची सोयच नाही, तिच्याशी बोलायचं ते त्या पट्टीतूनच ना!

तर असा हा रविवारचा फोन. पुण्याचं ऐकलं आणि ह्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "दिपा, माझ्या दोन ओळींनी एक घर फुटतंय." मी म्हटलं, उठा, हात धुवा, आज मीही येते. भरीत डब्यात भरलं, पुऱ्या बांधल्या, आणि निघालो मोटारसायकलवर. जावा नाही, साधी.

अमळनेरला पोचलो तर शेठजी गादीवर असे बसलेले की जणू कोणी वजनकाटा उलटा ठेवलाय. हे त्यांच्या मागे स्टूल टाकून बसले, म्हणाले, "शेठजी, मी काही करत नाही, तुम्ही रोज करता तसं करा, मी फक्त बघतो." आणि मी गेले पडद्याआड, आत. बाईमाणसाला आत जायला परवानगी लागत नाही.

आत पलक सामान बांधत होती. माझ्याकडे बघून हसली, पण ते हसू ओठांपर्यंतच. मी म्हटलं, का गं, पुणं का? तर ती हळूच, "दीदी, अमनला तरी कुठं जायचंय? मीच म्हटलं, जाऊ. इथं पापाजींना मी नको झालेय."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनी लिहिणं बंद केलं ना. मी विचारलं होतं पट्टीत, पापाजी, दुपारी तुम्ही दमता, मी पुढे दुकानात बसू का, तुम्हाला चालेल का. उत्तर नाही. मग लिहिलं, चालणार नसेल तर नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही. उत्तर नाही. रोज दुपारी उघडून बघते, दीदी. माझंच लिहिलेलं मला दिसतं. सुनेनं दुकानात बसायचं विचारलं, एवढं त्यांना लागलं असेल, तर कशाला राहायचं डोळ्यांसमोर?"

मी म्हटलं, अगं, तुला उघडता येतं?

"येतं की. बटण दाबायचं, दांडी कडेला चिकटलेली असते, ती धरून ओढायची. झालं की परत कडेला लावायची, मग बटण."

"कडेला का लावतेस?"

तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की ह्यात विचारण्यासारखं काय आहे. "पापाजी तशी ठेवतात ना! त्यांची वस्तू जशी होती तशीच ठेवायला नको?"

माझ्या डोक्यात काही तरी चमकलं, पण काय ते कळेना, मी चौथीची बाई, प्रोग्राम मला कुठं येतो! आणि तेवढ्यात दुकानातून आवाज आला, "खॅक्… खॅक्-खॅक्." मी पडदा बाजूला करून बघितलं. शेठजी! कॉम्प्युटरसमोर ताठ बसलेले, माउसवर हात, पण बटण दाबत नाहीत. खाकरले आणि थांबले. चांगले थांबले! जुनी मोठी माणसं घरात शिरताना उंबऱ्याशी खाकरतात ना, म्हणजे सुनांनी पदर सावरावा, बाजूला व्हावं, तसे. आमच्या ह्यांनी विचारलं, "शेठजी, काय झालं? घसा?" शेठजी म्हणाले, "घसा कशाला? सूनबाईकडे जायचं तर सांगून नको जायला?"

आमचे हे स्टुलावरून पडता पडता राहिले. हसू आलं होतं, पण हसले नाहीत, हे त्यांचं मला आवडलं.

मग शेठजींनी दाबलं. पट्टी नाही. "बघा!" ह्यांनी हात लांब करून माउसनं कडेची दांडी धरली, थोडी बाहेर ओढली, आणि शेठजी चष्मा चढवून पुढं सरसावतात न सरसावतात तोच दारात गिऱ्हाईक, "शेठ, टी आहेत का वीसच्या?" आणि मग, तुम्हाला सांगते, जे झालं ते आम्ही सगळ्यांनी ह्या डोळ्यांनी पाहिलं. शेठजींनी पापणी लवायच्या आत माउसनं दांडी धरली, ओढत, ओढत, पार कडेला नेऊन भिडवली, जसं दार लोटतात, आणि मग वर 'दाखवा-लपवा' दाबलं, जशी कडी लावतात, आणि वर पुन्हा एकदा माउस कडेला नेऊन ओढून पाहिलं, जसं दुकानदार कुलूप ओढून बघतो! गिऱ्हाईकाला टी दिल्या, पैसे घेतले, गिऱ्हाईक गेलं. हे उभे राहिले. "शेठजी! तुम्ही दांडी आधी हातानं का लावता? बटण दाबलं की ती आपोआप जाते!"

शेठजी म्हणाले, "नुसती कडी लावून दार बंद होतं का? आधी दार लोटायचं, मग कडी. परक्या माणसाचा काय भरवसा? सुनेची खोली आहे ती!"

कळलं का तुम्हाला? नाही? अहो, ह्यांनी प्रोग्रामला काय शिकवलं होतं, तर लपवायच्या आधी दांडी कुठं होती ते लक्षात ठेव. आणि शेठजींनी लपवायच्या आधीच ती कडेला नेऊन ठेवलेली! मग तो बिचारा इमानेइतबारे लक्षात ठेवतोय, दांडी कडेला, रुंदी शून्य. आणि दाखव म्हटलं की तिथंच नेऊन ठेवतोय, कडेला, शून्य! आमच्या घरी आम्ही सगळे बटणावर भरवसा ठेवून दाबतोय, दांडीला कोण हात लावतंय? आणि इथं सासरा सुनेचा मान म्हणून दार लोटतोय, सून सासऱ्याचा मान म्हणून परत लोटून ठेवतेय, दोघं एकमेकांच्या मानापायी रोज नेमानं ती पट्टी चेपून शून्य करतायत, आणि घर निघालंय पुण्याला! झाकायला काय लागतं हो, उघडताना कळतं!

हे लगेच लॅपटॉप उघडून बसले. मी मागून, "अहो, दांडी कडेपर्यंत जाऊच देऊ नका ना!" तर म्हणाले, "तेच करतोय, गप्प बस." त्यांनी पट्टीला एक कमीत कमी रुंदी लावून दिली, की कितीही ओढा, दांडी तिथं येऊन थांबणार, पुढे नाही. आणि वर हेही, की लक्षात ठेवलेली जागा अगदी कडेची निघाली, तर तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, त्याच्या आधीची बरी जागा घ्यायची. शेठजी म्हणाले, "म्हणजे दार थोडं उघडंच राहणार?" हे म्हणाले, "बटण दाबलं की पूर्ण बंद. पण हातानं ढकलून चिरडली जाणार नाही." शेठजींनी मान हलवली. पटलं असावं, कारण त्यांनी परत वाद घातला नाही, आणि वाद न घालणारा शेठ मी पहिल्यांदाच बघितला.

"आता उघडा, शेठजी."

खॅक्… खॅक्. थांबले. मी पडद्याआड, पलकचा हात धरून. धनकुंवरबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आलेल्या. बटण दाबलं…

आणि आली हो! आली! सरळ, रुंद, जशी पहिल्या दिवशी होती तशी आली! आमच्या ह्यांनी असा सुस्कारा सोडला की काउंटरवरच्या पावत्या उडाल्या. मला तर तिथंच जमिनीवर बसावंसं वाटलं. इतके दिवस छातीवर जो दगड होता तो कोणी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. आणि शेठजी वाचायला लागले. ओठ हलत होते, आवाज नाही. जॉइनर संपले, वाचलं. गोळी घेतली का, वाचलं. मी पुढे बसू का, वाचलं. नाही म्हणा, वाईट वाटणार नाही, वाचलं. आणि सगळ्यात खाली, आदल्या दिवशीचं, मला पलकनं सांगितलंच नव्हतं ते, "पापाजी, माझं काही चुकलं का?"

शेठजींनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. एक बोट कीबोर्डवर ठेवलं, लिहायला. अक्षर सापडेना. बोट नुसतं फिरतंय, फिरतंय, इकडे शोध, तिकडे शोध… मला वाटलं, अहो लिहा हो काही तरी, पोरीचा जीव जातोय इकडे! आणि मग त्यांनी बोट उचललं. मागे वळले नाहीत, स्क्रीनकडेच बघत होते, पण बोलले. तोंडानं बोलले! "बेटा, मला ते उघडता येत नव्हतं. एवढंच. तुझं काही चुकलं नाही. खुर्ची आण इकडे, माझ्या उजवीकडे."

धनकुंवरबाईंनी सवयीनं सुनेकडे वळून तोंड उघडलं, "उघडता येत नव्हतं म्हण…" आणि मध्येच थांबल्या. कारण सांगायची गरजच राहिली नव्हती. पलक खुर्ची घेऊन निघाली होती, डोक्यावरचा पदर सरकला होता आणि कोणाच्या लक्षात नव्हतं. धनकुंवरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हाय रे, माझं टपाल बंद झालं!" आणि डोळे पुसत पुसत इतक्या हसल्या की लाटणं खाली पडलं.

भरीत-पुरी आम्ही सगळ्यांनी तिथंच खाल्ली, दुकान अर्धं लावून. अमन शेतावरून आला, बघतो तर बायको गल्ल्यावर, बाप बाजूला, पुण्याची बॅग परत कपाटावर. त्याला काही कळेना. पण खूश झाला, कारण पुण्यात त्याला एकदा बसस्टँड सापडलं नव्हतं. येताना आमचे हे मोटारसायकलवर गाणं म्हणत होते. मी म्हटलं, अहो, पुढं बघा. तर म्हणाले, "दिपा, आजच्या इतकं हलकं कधी वाटलं नाही." माझा हात त्यांच्या खांद्यावर होता, तो मीही जरा घट्ट केला.

संपलं? अहो, कुठलं संपतंय! परवा दुपारी पुन्हा फोन. शेठजीच, पण आवाज एकदम दबका, जसं कोणी गोदामात पोत्यांमागे लपून बोलतंय. "योगेंद्रभाऊ… ते दाखवा-लपवा बटण आहे ना…"

ह्यांनी लगेच लॅपटॉप पुढं ओढला. "काय झालं? परत गायब?"

"गायब कुठली! समोरच आहे! दिवसभर समोर आहे! भाऊ, लग्नापासूनचं साठलेलं सगळं बोलते हो! गिऱ्हाईकासमोर म्हणते, पापाजी, ही टी सोळाची आहे, वीसची नाही. पापाजी, मोजे. पापाजी, गोळी. पापाजी, तो साखरेचा डबा तुमच्या गादीखाली का आहे? भाऊ, तेवढं बटण… मला नाही का लावता येणार? जास्त नाही. दुपारच्या चहापुरतं मला लपवा."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी वह्या तपासत होते, मान वर न करताच म्हटलं, सांगा त्यांना, शेठजी, झाकायला काय लागतं हो… पण आता ती दांडी कडेपर्यंत जात नाही.